हलाखी हवी, थकबाकी नको

जगाचा विकास करायची हौस असेल, तर सर्वांत आधी गरीब घरात जन्म घ्या. तोही अमेरिकेत, कारण या कामाचं दार उघडणाऱ्या पेन फेलोशिपला नागरिकत्वाची अट होती. एवढं जमवलंत की पुढचं सगळं कागदावरचंच काम.

ही आंतरराष्ट्रीय विकास फेलोशिप डोनाल्ड पेन यांच्या नावाने 2012 मध्ये निघाली. न्यू जर्सीतून अमेरिकी काँग्रेसवर गेलेले ते पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी. 1988 मध्ये निवडून आले आणि 2012 मध्ये वारले, तोवर आफ्रिकेचा विषय त्यांनी सोडला नाही. 2009 मध्ये सोमालियातल्या मोगादिशूहून त्यांचं विमान सुटत असताना विमानतळाच्या दिशेने तोफगोळे आले होते. अशा माणसाच्या नावाला शोभेल अशीच योजना होती. पैसा यूएसएडचा, म्हणजे परदेशांना मदत देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा, कारभार हॉवर्ड विद्यापीठाकडे. दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी लाखाच्या आसपास डॉलर, एक उन्हाळा काँग्रेसच्या कचेरीत, दुसरा परदेशातल्या यूएसएड मिशनमध्ये, आणि बदल्यात पाच वर्षं परराष्ट्र सेवेत नोकरी.

सौदा वाईट नाही. दुसरीकडे काय मिळतं ते बघा ना. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात इंटर्नला विद्यावेतन नसतं. 2015 मध्ये एक इंटर्न जिनिव्हात तंबू ठोकून राहत होता, तेव्हा बातमी झाली आणि त्याने इंटर्नशिप सोडली. थोडक्यात, बापाच्या पैशावर जिनिव्हात सहा महिने काढू शकेल त्यानेच दारिद्र्यनिर्मूलन शिकावं, असा या क्षेत्राचा जुना रिवाज. त्यामुळे तुमच्यासारख्यांकरता वेगळं दार हवंच होतं. फक्त त्या दारातून आत जाताना थोडं वाकावं लागतं, आणि वाकताना ताठ दिसावं लागतं.

म्हणजे निबंध. हलाखी लिहा, पण ती संपल्यासारखी लिहा. निवड समितीला चालू असलेलं दारिद्र्य झेपत नाही, मात केलेलं आवडतं. आई दोन नोकऱ्या करते, एवढ्याने भागत नाही. तिच्या दुसऱ्या नोकरीकडे बघून तुम्ही नेतृत्व शिकलात, असं लिहा. आईला मात्र मसुदा दाखवू नका. ती म्हणेल, ‘नेतृत्व कसलं, भाडं थकलं होतं.’ दुसऱ्या परिच्छेदात तिला रात्री अकराला बसमधून उतरू द्या, तिसऱ्यात तुम्ही दिव्याखाली पुस्तक उघडा, चौथ्यात सरळ उप-सहारा आफ्रिका. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये एक समुद्र आहे, पण तो कुणी विचारत नाही. घरात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलली जात असेल तर तुमचं नशीब थोर. परदेशातली मावशी हुडकून काढा. लहानपणी फोनवर तिच्याशी तिच्या भाषेत बोलता बोलता जगाची ओळख झाली, हे वाक्य कुठेही बसतं.

निवड झाली की एसएफ-86 नावाचा फॉर्म येतो. सुरक्षा मंजुरीचा, म्हणजे सरकारी गुपितं तुमच्या हाती द्यावीत का, हे ठरवण्याचा. शंभरावर पानं. हा फॉर्म निबंधाचा सख्खा भाऊ, पण दोघांचं बोलणं नाही. निबंधात ज्या मावशीने तुम्हाला जगाची ओळख करून दिली, ती इथे ‘परकीय संपर्क’ होते. तिचं नाव, पत्ता, ती कुणाकडे कामाला आहे, शेवटचं बोलणं कधी झालं, सगळं भरायचं. दहा वर्षांतले सगळे पत्ते द्यायचे. बापजाद्यांच्या घरात वाढलेल्याचं हे काम एका ओळीत उरकतं. भाडं परवडेना म्हणून दर वर्षी सामान हलवणाऱ्या घरातल्या पोराने मात्र आठवत बसायचं, की मार्च महिन्यात आपण नक्की कुणाच्या सोफ्यावर होतो. मग कर्जाचा भाग. गेल्या सात वर्षांत कुठलं देणं 120 दिवसांहून जास्त थकलं का? थकलं असेल तर खुलासा करा, कारण कर्जबाजारी माणूस विकत घेता येतो, असा सुरक्षेचा हिशेब. तेव्हा हलाखी ठेवा, थकबाकी ठेवू नका. गरिबी अशी हवी की तिने प्रेरणा द्यावी, पण बिलं वेळेवर भरावीत.

माहितीपत्रकासाठी फोटो मागतील. नाही म्हणू नका. तीन वेगवेगळ्या वर्णांची माणसं एका लॅपटॉपकडे बघून हसतात, तसा फोटो असतो. लॅपटॉप बंद असला तरी हसा.

आता शिक्षण. त्यात सर्वांत जपून शिकण्याची गोष्ट म्हणजे लॉगफ्रेम. हा तक्ता 1969 च्या सुमारास यूएसएडसाठीच तयार झाला आणि नंतर जगभरच्या प्रकल्पांच्या मानगुटीवर बसला. चार रकाने. काय साधायचं, ते साधलं हे कशावरून कळणार, पुरावा कुठे मिळणार, आणि शेवटचा रकाना गृहीतकांचा. पाऊस वेळेवर पडेल, सरकार पडणार नाही, रस्ता वाहून जाणार नाही, असं सगळं तिथे लिहायचं. हा रकाना माणसं शेवटी भरतात, जेवणाच्या सुट्टीआधी, घाईघाईत. त्याच्याच जोडीने टिकाऊपणाचा प्रश्न येतो: निधी थांबल्यावर प्रकल्प स्वतःच्या पायावर उभा राहील का? बाहेरच्या देशांतल्या गावकऱ्यांना हा प्रश्न तुम्ही फार मार्दवाने विचारायला शिकाल. उत्तर देताना गावकरी जरा वेळ तुमच्याकडे बघतो. त्या बघण्याची नोंद कुठल्याच रकान्यात करता येत नाही.

अमेरिकेच्या राजधानीतल्या एखाद्या इमारतीला हा प्रश्न विचारायचं काही कारण नव्हतं. यूएसएड 1961 पासून होती, केनेडींच्या काळातली. पडतात ती सरकारं दुसऱ्या देशांतली, आणि नाजूक संस्था म्हणजे ज्यांच्यावर तुम्ही टर्म पेपर लिहिता त्या. मग 20 जानेवारी 2025 आली, ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले. परदेशी मदतीला 90 दिवसांची स्थगिती आणि विविधतेचे सरकारी कार्यक्रम बंद, दोन्ही आदेश एकाच दिवशी निघाले. म्हणजे तुमच्या फेलोशिपच्या नावातला विकासही गेला आणि तुम्ही ज्या दारातून आत आलात तेही गेलं, एका बैठकीत. 1 फेब्रुवारीला संस्थेची वेबसाइटच अंतर्धान पावली. 7 फेब्रुवारीला इमारतीवरची नावाची अक्षरं उतरवली. महिनाअखेरीस कर्मचाऱ्यांना सामान उचलायला बोलावलं आणि प्रत्येकी पंधरा मिनिटं दिली. मार्चमध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी 83 टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं सांगितलं. 1 जुलैला कारभार अधिकृतपणे आटोपला.

त्यामुळे टेबलावर फार काही मांडू नका, हा एक व्यावहारिक सल्ला. एक मग, एक चार्जर, आईचा छोटा फोटो. कुंडी मुळीच नको, पंधरा मिनिटांत कुंडी जड जाते.

करार आठवतो ना? पाच वर्षं सेवा. मध्येच सोडलीत तर पैसे परत. नोकरी देणाराच मध्येच निघून गेला तर काय, हे कलम शोधायला बसू नका. कराराचा मसुदा करणाऱ्यांनी गृहीतकांचा रकाना तुमच्या बाजूचाच भरला होता: उमेदवार आजारी पडेल, उमेदवाराचं मन बदलेल, उमेदवार मंजुरीत नापास होईल. ‘यूएसएड अस्तित्वात असेल’ हे लिहायचं कुणाला सुचलं नसावं. सुचलं असतं तरी प्रशिक्षकाने खोडलं असतं, इतकं उघड लिहायचं नसतं म्हणून.

पण निराश होण्याचं कारण नाही. पुढच्या अर्जाला तुम्हाला आयता मजकूर मिळाला आहे. ‘एखाद्या धक्क्यातून तुम्ही कसे सावरलात’ हा प्रश्न कुठे ना कुठे येणारच, आणि आईची दुसरी नोकरी आता जरा शिळी झाली आहे. फक्त सावरल्यासारखं लिहा. आणि दरम्यान कर्जाचा हप्ता चुकला असेल तर कॅलेंडरवर खूण करून दिवस मोजायला लागा. 120 च्या आत कुठेतरी नोकरीला लागलात, तर फॉर्ममध्ये त्याचा खुलासा द्यावा लागणार नाही.