अ‍ॅम्बेसिडरच्या वायरिंगला मिळालेल्या दोन स्टारबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं: हेडलाइट मधूनच जातात म्हणून गाडी दिली, टेप मारून भागलं असतं, तर आम्ही अख्खं वायरिंग बदललं, 23 दिवस लावले आणि 34,500 चं बिल केलं. जॉइंटना सोल्डर नाही, लाइट अजून मंद, इंडिकेटर नुसता लागून राहतो आणि आंबा घाटात फ्यूज उडाला. रत्नागिरीत जुन्या गाड्या सांभाळणारे आणखीही लोक हे वाचतात, म्हणून उत्तर इथेच देतो.

आधी फ्यूज. ती चूक आमची. नंबरप्लेटचा दिवा डिकीच्या झाकणावर असतो आणि त्याची वायर बिजागरीपाशी रोज वाकते. तिथे हातभर नाही, पण वीतभर तरी ढील हवी. आम्ही ती ठेवली नाही. झाकण पूर्ण उघडलं की वायर ताणली जाऊन बिजागरीच्या धारेवर घासत होती. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तांबं उघडं पडलेलं स्पष्ट दिसतंय. ते बॉडीला टेकलं आणि साइड-टेलचा फ्यूज गेला, हा दिवा त्याच फ्यूजवर आहे. ही वायर फुकट बदलून देऊ, या वेळी रबरी नळीतून नेऊन.

आता टेपबद्दल. बॉनेटमधून डॅशबोर्डकडे जाताना हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, पत्र्याच्या भोकातून जातो. तिथलं रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेचं कडं, कुजून पडलं होतं आणि तपकिरी वायरीवर पत्र्याची धार बसली होती. या गाडीच्या वायरिंगचे रंग लुकास कंपनीच्या पद्धतीचे, त्यात तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची वायर, तिच्यावर फ्यूज नाही. मूळ गाडीत फ्यूज दोनच, हेडलाइट तर त्यांच्या बाहेरच. ती वायर आणखी थोडी कापली गेली असती तर उडायला फ्यूजच नव्हता, पेटली असती ती वायर.

टेप मारण्यासारखी वायर असती तर मारला असता. आम्ही टोकाकडून दोन इंच सोलून पाहिलं, तांबं काळं. सहा इंच, तरी काळं. फूटभर मागे गेलो तेव्हा कुठे लाल चमक दिसली. खारी हवा टोकातून शिरते आणि तारांच्या मधल्या फटींतून आतल्या आत चढत जाते, वरून प्लॅस्टिक शाबूत दिसतं. अशा वायरीवर सोल्डर धरत नाही आणि नवा थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) दाबला तरी तो गंजावरच बसतो. शिवाय वाटेत 17 ठिकाणी पीळ मारून टेप गुंडाळलेले जोड होते, त्यातले काही घरगुती फिटिंगच्या जाड एकतारी वायरीचे. एकतारी वायर गाडीच्या कंपनाने तुटते. पायातला डिपर स्विच आतून हिरवा झाला होता, तापला की संपर्क सोडायचा. लाइट मधूनच जायचे ते यामुळे. नुसता स्विच बदलून लाइट आले असते, मान्य. तपकिरी वायर तशीच ठेवून गाडी परत देणं आम्हाला जमलं नसतं.

बाजारात तयार हार्नेस सात-आठ हजारांत मिळतो, हेही खरं. घेण्याआधी एक करा: वायर सोलून तारा मोजा आणि एका तारेचा व्यासही मोजा. 0.30 मिमीच्या 14 तारा म्हणजे 1 चौरस मिमी, साधारण पावणेनऊ अँपियरची वायर. त्याच 14 तारा 0.20 च्या निघाल्या तर ती जेमतेम 0.44 भरते, बाहेरून जाडी तेवढीच दिसते. आम्ही कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर वापरली, बोटींवर घालतात ती. मुख्य लाइनला 6, हेडलाइटला 2.5, बाकी दिव्यांना 1 चौरस मिमी. या वायरीत लुकासचे पट्टेदार रंग मिळत नाहीत. म्हणून पट्टा सोडून वायरीचा मुख्य रंग तोच ठेवून टोकांना नंबरच्या स्लीव्ह घातल्यात. तक्ता ग्लव्ह बॉक्समध्ये आहे, पुढच्या वायरमनला द्या.

जुना हार्नेस अखंड काढून प्लायवर खिळ्यांनी मांडायचा, त्यावर एकेक वायर घालायची, गाडीत बसवून प्रत्येक सर्किट तपासायचं आणि मगच टेप. आधी गुंडाळला तर एका चुकीसाठी सगळा उकलावा लागतो. टेपही बिनचिकट, कारण चिकट टेपचा डिंक इथल्या उन्हात पाझरतो आणि त्यावर धूळ बसते. 23 दिवसांतले आठ वायर येण्याची वाट पाहण्यात गेले. ते तुम्हाला फोन करून सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

सोल्डर मुद्दाम टाळलं. ते तारांमधून वर चढतं, तेवढा तुकडा काडीसारखा कडक होतो आणि जिथे कडकपणा संपतो तिथेच वायर तुटते. सोल्डर करताना लावायचा फ्लक्स राहिला तर ओल धरतो. कंपनीच्या जुन्या बुलेट कनेक्टरना सोल्डर असे, पण ती गाडी नवी होती आणि पाऊस कोकणातला नव्हता. आम्ही रॅचेटच्या पकडीने थिंबल दाबले, प्रत्येक ओढून पाहिला आणि वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी बसवली. अर्थच्या जागी रंग खरवडून, दातेरी वॉशर घालून, व्हॅसलिन लावलंय. इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी नव्हतीच. सेल्फचा करंट अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून जात होता. केबलचं कव्हर वितळलेलं तुम्हाला दाखवलं होतं.

लाइटचं म्हणाल तर, इंजिन बंद असताना बॅटरीवर 12.6 व्होल्ट असायचे तेव्हा बल्बपाशी आधी 10.9 पोचत होते. रिले, म्हणजे बॅटरीचा करंट लाइटच्या स्विचमधून न नेता थेट बल्बला देणारा वेगळा स्विच, टाकल्यावर 12.3 येतात. बल्बचा उजेड व्होल्टेजच्या मानाने खूपच झपाट्याने घटतो, त्यामुळे एवढ्यानेच तो जवळपास दीडपट होतो. तरीही रस्त्यावर उजेड पडत नाही, कारण रिफ्लेक्टरचं पाणी उतरलंय. आरसा काळा पडलेला असताना वायर कितीही चांगली घाला. रिफ्लेक्टर बदला, असं बिलाच्या मागे लिहून दिलंय.

100/90 चे, म्हणजे अपरला 100 आणि डिपरला 90 वॅटचे, बल्ब लावायला आम्ही नकार दिला, ते आजही नाकारू. तुमचा डायनामो 22 अँपियरचा. अपरवर ते दोन बल्बच साडेसोळाच्या वर खातात. वायपर 3, कॉइल 4, टेल-साइड 2 धरा, झाले 26. पावसाळी रात्री घाट चढेपर्यंत बॅटरी बसणार. 60/55 वर हाच हिशोब 19 वर थांबतो.

इंडिकेटरमध्ये आम्ही 21 वॅटचे बल्ब लावून दिले होते. तुमच्या दुसऱ्या फोटोत एलईडी दिसतायत. इंडिकेटर लुकलुकवणारा जुना फ्लॅशर बल्बच्या करंटने तापून उघडझाप करतो. एका बाजूचे मिळून 42 वॅट नसतील तर तो तापतच नाही, म्हणून दिवा लागून राहतो. जुने बल्ब परत लावा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाकू, त्याचे पैसे पडतील.

रविवार सोडून कधीही गाडी आणा, डिकीचं काम दोन तासांचं आहे. तोपर्यंत साइड-टेलचा तो 8 अँपियरचा फ्यूज काढूनच ठेवा. त्या जागी 15 चा घालू नका, सिगारेटची चांदी तर अजिबात नको. टेललाइट नसतील, त्यामुळे दिवसाच या.