वागळे इस्टेटच्या काकांना उत्तर: चीन लबाडीने मोठा झाला का?

काका, नमस्कार. प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण १९८४ साली ठाण्याच्या वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीत टूलरूमला, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, लागलो असं लिहिलंय. म्हणजे माझ्या वडिलांच्या आसपासचे असाल, म्हणून काका म्हणतो. उत्तराला आठ दिवस लागले. तुमचं एक वाक्य मला लागलं, आणि त्यावर घाईने दोन ओळी टाकून मोकळं व्हायचं नव्हतं.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. 'चीनने जागतिक व्यापाराचे नियम मोडले नाहीत, त्याच नियमांवर तो मोठा झाला,' असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. काकांचं म्हणणं, चीन लबाडीनेच वर आला आणि त्यात वागळेतले कारखाने बसले. लेखक न्हावा-शेवा बंदरात चिनी माल सोडवून पोट भरतो, म्हणून त्याला चीनचा पुळका. आणि आता भारताची पाळी आलेली असताना हा रडका सूर कशाला?

पोटाचं आधी बोलतो. १९९८पासून मी कस्टम क्लिअरिंगमध्ये आहे, बेलापूरला आमचं छोटं ऑफिस आहे. आमच्या बिल ऑफ एंट्रींपैकी (आयात मालाचे कस्टमचे कागद) निम्म्याहून जास्त चिनी मालाच्या असतात आणि त्यावर माझं घर चालतं. हे लपवण्यासारखं नाही. पण त्याच कामापायी रोज बंदराजवळच्या गव्हाण फाट्यावरून जाताना जे दिसतं त्याने पुळका येत नाही, पोटात गोळा येतो. चीनहून डबे (कंटेनर) गच्च भरून येतात. परत पाठवायच्या वेळी त्यांत भरायला आपल्याकडे तेवढा माल नसतो, मग कितीतरी डबे रिकामेच बोटीवर चढतात. २०२४-२५मध्ये आपण चीनकडून सुमारे ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि त्यांना विकला जेमतेम १४ अब्जांचा. ही तूट मी यार्डात उभं राहून बघतो.

आता लबाडीचं. यात तुमचं बरंचसं बरोबर आहे, आणि 'नियम मोडले नाहीत' हे माझं वाक्य ढिलं होतं. २००५च्या जुलैपर्यंत चीनने डॉलरचा भाव ८.२८ युआनला बांधून ठेवला होता, म्हणजे स्वतःचं चलन स्वस्त ठेवलं होतं. सरकारी बँकांचं स्वस्त कर्ज होतं. अनेक धंद्यांत बाहेरच्या कंपनीला चिनी भागीदार घेतल्याशिवाय आत येता येत नव्हतं आणि त्या वाटेने तंत्रज्ञान हातचं जात होतं. हे सगळं मान्य.

पण काका, या लबाडीत भागीदार कोण होते? डिसेंबर २००१मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि पुढच्या काही वर्षांत चीनच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त माल परदेशी भांडवलाच्या कंपन्यांचा होता. अमेरिकेच्या, जपानच्या, तैवानच्या, हाँगकाँगच्या. डिझाइन त्यांचं, ब्रँड त्यांचा, नफ्याचा मोठा वाटाही त्यांचा. जुळणी करणारे हात तेवढे चिनी. तेव्हा युआन स्वस्त ठेवलाय हे या मंडळींना दिसत नव्हतं का? दिसत होतं, आणि चालत होतं. चिनी कंपन्या स्वतःच्या नावाने गाड्या, बॅटऱ्या आणि टेलिकॉमची यंत्रं विकायला लागल्या, तेव्हा आरडाओरडा खरा वाढला.

आणि मुंबईच्या परिसरात राहणाऱ्या माणसाने चीनच्या व्यापारनीतीवर बोलताना एक गोष्ट विसरू नये. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. सर जमशेटजी जीजीभॉयांच्या संपत्तीत त्या व्यापाराचा मोठा वाटा होता, आणि त्याच संपत्तीतल्या देणगीच्या मदतीने जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. चीनने अफू बंद करायचा प्रयत्न केला तर ब्रिटनने युद्ध केलं आणि १८४२च्या नानकिंगच्या तहाने त्यांची पाच बंदरं उघडायला लावली. त्यालाही मुक्त व्यापारच म्हणत होते. हे लिहिलं म्हणून आजच्या चीनची लबाडी माफ होत नाही. पण बंदर कोणी उघडायचं आणि कोणत्या मालाला, हे तेव्हाही ज्याच्या हातात जोर होता तोच ठरवत होता.

माझं खरं म्हणणं मागच्या लेखात नीट उतरलं नाही, ते आता सांगतो. चीनने जुनी व्यवस्था पाडली नाही. तो तिच्यात इतका गरजेचा होऊन बसला की ज्यांनी ती बांधली त्यांनाच ती नकोशी झाली. व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर २०१९पासून बंद पडलंय, कारण अमेरिका तिथे नवे सदस्य नेमू देत नाही. म्हणजे तंटा आहे, कायदा आहे, पण शेवटचा निकाल द्यायला कोणी नाही. एकीकडे हे, आणि दुसरीकडे चीनने बीजिंगला आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक काढली. ती २०१६पासून चालू आहे आणि तिच्यात चीनखालोखाल सर्वांत मोठा भागधारक भारत आहे!

गरजेचं होणं म्हणजे काय, ते गेल्या वर्षी मी टेबलावर ठेवून बघितलं. रबाळ्याला आमचे एक गिऱ्हाईक आहेत, विजेवर चालणाऱ्या छोट्या मोटर बनवतात. एप्रिल २०२५मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातूंवर (रेअर अर्थ) आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवाना लावला. माल कुठे आणि कशासाठी वापरणार याचं हमीपत्र द्या, मग बघू. ते गृहस्थ खिशातून एक चुंबक काढून माझ्यासमोर ठेवून बसले. नखाएवढा, करड्या रंगाचा, स्टेपलरला असा चिकटला की ओढून काढावा लागला. 'याच्यावाचून माझी लाइन बंद आहे,' म्हणाले. कागद मी भरले, पुन्हा भरले. पलीकडून आठवड्यामागून आठवडे काही हलत नव्हतं. त्यांची अठ्ठावीस माणसं कामावर येऊन बसून राहायची. २०१०मध्ये हाच फटका जपानला बसला होता. आपण पंधरा वर्षं ते वाचलं आणि पान उलटलं.

औषधांचंही तसंच. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, देशात पेनिसिलिन बनायला लागलं. पुढे चिनी पेनिसिलिन-जी (अनेक अँटिबायोटिक्सचा कच्चा माल) इतकं स्वस्त यायला लागलं की आपल्याकडचे ते प्लांट बंद पडत गेले. २०२०मध्ये, गलवान आणि कोविड आले त्याच वर्षी, सरकारने ते पुन्हा सुरू करायला प्रोत्साहन योजना आणली.

म्हणून 'आता आपली पाळी' या तुमच्या वाक्यावर मी टाळी देऊ शकत नाही. चीन ज्या दारातून गेला ते दार तेव्हा सताड उघडं होतं. आज अमेरिका स्वतःच्या कारखान्यांना उघड अनुदान देते, आणि ऑगस्ट २०२५मध्ये तिने आपल्या बऱ्याचशा मालावर ५० टक्के शुल्क चढवलं होतं. चीन ज्यात आहे त्या आशिया-पॅसिफिक देशांच्या 'आरसेप' व्यापार कराराच्या वाटाघाटींतून आपण २०१९मध्ये स्वतःहून बाहेर पडलो. चिनी मालाच्या भीतीने पडलो आणि ती भीती खोटी नव्हती. पण त्यानंतर आपल्या टूलरूम मजबूत करायला किती वर्षं मिळाली आणि त्यांत काय केलं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

आता ते लागलेलं वाक्य. कारखाने बंद पडण्याला मागच्या लेखात मी 'संक्रमण' म्हटलं होतं. तुम्ही लिहिलंत, 'तुम्ही ज्याला संक्रमण म्हणता ती आमची पन्नाशीतली नोकरी होती.' काका, इथे मी चुकलो. ज्या डायमेकरच्या (साचे बनवणाऱ्या कारागिराच्या) हाताला शतांश मिलिमीटर कळतो त्याला कंपनी बंद पडल्यावर घोडबंदरला सोसायटीच्या गेटवर बसावं लागतं, आणि मी त्याला एका शब्दात गुंडाळलं. मूळ लेखातला तो परिच्छेद आज काढलाय. त्या जागी वागळेबद्दल नव्याने लिहायचंय, पण ते मला ऐकीव माहितीवर लिहायचं नाही.

तुमच्या टूलरूममध्ये पहिली चिनी डाय कोणत्या साली आली, किती स्वस्त होती आणि ती उघडून बघितल्यावर तुम्ही मंडळी काय म्हणालात, तेवढं कळवा. ठाण्यात असाल तर रविवारी मी येतो.