पन्हाळ्याचं धुकं आणि लेसर

तारेऐवजी लेसरच्या झोताने डेटा पाठवताना धुक्यात लेसरनेच वाट पाडता येते, हे जिनिव्हा विद्यापीठाने २०१८ मध्ये दाखवलं, पण प्रयोगशाळेत. पन्हाळ्यावरचं आषाढातलं धुकं म्हणजे वेगळंच प्रकरण! पावसापेक्षा लेसरला धुकंच जास्त नडतं. त्याचे थेंब काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), लेसरच्या तरंगलांबीच्या आसपास, त्यामुळे प्रकाश विखुरतो. दृश्यमानता २०० मीटरवर आली की किलोमीटरला साधारण ७० डेसिबल जातात, म्हणजे प्रकाशाचा कोटीतला एक भागच उरतो. कोल्हापूर-पन्हाळा अशी लेसर लिंक विसराच. शहरात ५०० मीटरवरच्या दोन गच्च्या जोडायला ठीक, तेही धुक्यात पर्याय म्हणून जोडीला ५ गिगाहर्ट्झचा वायरलेस रेडिओ ठेवून. त्याला धुकं जाणवतही नाही. लेसरचं युनिट पत्र्याच्या शेडवरच्या पाईपला बांधू नका, आरसीसी कॉलमलाच बोल्ट करा. २ मिलिरेडियन कोनात पसरणारा झोत ५०० मीटरवर जेमतेम १ मीटर रुंद असतो. वाऱ्याने पाईप हलला की लिंक गेली. आणि काचेला हीटर हवाच, नाहीतर पहाटे बाष्प धरतं.