बारक्याचा सकाळचा माणूस

आमच्या कुत्र्याचं नाव बारक्या. नाव ठेवलं तेव्हा तो माझ्या एका बुटात मावायचा, आता ३२ किलोचा आहे आणि तो बूट त्याच्या पोटात मावलाय. सकाळचा वॉक माझ्याकडे, संध्याकाळचा बायकोकडे, ही वाटणी तो घरात आला त्या दिवशीच झाली आणि त्यात आजवर बदल नाही. संध्याकाळी ती दोघं नेमकी कुठे जातात हे मी कधी विचारलंही नाही, कारण तेवढा पाऊण तास सोफा मोकळा असतो.

माझा सकाळचा रस्ता ठरलेला. गेटबाहेर पडलं की डावीकडे, पहिला खांब, दुसरा खांब, मोडका बाक, मग एक भिंत, जिच्यावर कधीकाळी काहीतरी सूचना रंगवलेली होती त्यातलं आता फक्त ‘येथे’ एवढंच उरलंय (ते वाक्य बारक्या रोज आपल्या परीने पूर्ण करतो), मग कोपऱ्यावरचं झाड, झाडाला वळसा, परत घर. चाळीस मिनिटं. त्यातली चालायची अकरा, बाकीची एकोणतीस मी नुसता उभा, हातात पट्टा आणि तोंडावर ‘थांबायचं मीच ठरवलंय’ असा भाव. चार वर्षं हे सुखाने चाललं होतं.

मग भाची राहायला आली.

भाची मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे, त्यामुळे सध्या तिला घरातल्या प्रत्येकात काहीतरी सापडतं. माझ्यात सापडून झालं होतं, तो विषय वेगळा. तिसऱ्या दिवशी ती सकाळी आमच्याबरोबर आली, ‘येथे’पर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "मामा, तू याला रोज याच रस्त्याने आणतोस?"

"हो. का गं?"

"चार वर्षं?"

"पावसात दुसऱ्या खांबापर्यंतच."

"अरे मामा, किती बोअर होत असेल तो!"

मी बारक्याकडे बघितलं. बाकाच्या मागच्या पायाशी नाक खुपसून उभा होता, शेपटी अशी फिरत होती की जरा वजन कमी असतं तर उडाला असता. मला तरी बोअर झालेला वाटला नाही, पण मला काय कळतंय, मी काही मानसशास्त्राला नाही.

घरी आल्यावर तिने फोन काढला. २००८ साली म्हणे कुणीतरी १७ कुत्र्यांसमोर दोन ओळखीची खेळणी आणि एक नवं कोरं असं ठेवून बघितलं, एकूण ५० वेळा, तर त्यात ३८ वेळा कुत्र्यांनी आधी नव्यालाच तोंड लावलं. मी म्हणलं, हे मला प्रयोगाशिवाय माहीत होतं, माझे बूट बघ. तिचं लक्ष नव्हतं. तिने पुढचं काढलं, २०१९ चं. काही कुत्र्यांना दोन आठवडे वास काढून खाऊ शोधायचे खेळ दिले आणि बाकीच्यांना तेवढेच दिवस मालकाच्या पायाला चिकटून शिस्तीत चालायला लावलं, तर वास घेणारी कुत्री आशावादी झाली. आता कुत्र्याचा आशावाद कसा मोजतात? तर एका बाजूला ठेवलेल्या वाटीत कायम खाऊ असतो, दुसऱ्या बाजूच्या वाटीत कधीच नसतो, आणि मग एक दिवस वाटी ठेवायची बरोबर मध्ये. जो धावत जातो तो आशावादी. (मध्ये वाटी ठेवली तर मी आधी ही कुणी ठेवली आणि उचलणार कोण हे विचारेन, आणि भाचीच्या मते नेमकं तेच माझ्यात सापडलंय.)

खरं तर या प्रयोगात रस्ता बदला असं कुठेच म्हणलेलं नव्हतं, वास घेऊ द्या एवढंच होतं, आणि ते मी रोज एकोणतीस मिनिटं करतच होतो. पण हे मला सुचलं दोन दिवसांनी. त्या रात्री बारक्या नेहमीसारखा दारापाशी आडवा पडून नेहमीसारखा उसासा टाकत होता आणि मला पहिल्यांदाच त्या उसाशात ‘पुन्हा डावीकडे’ असं ऐकू आलं.

मी ऑफिसातला माणूस, अपराधी वाटलं की एक्सेल उघडतो. सोमवार ते रविवार, रस्ता, अंतर, शेरा, असा तक्ता केला, वर ठळक अक्षरात ‘नवीन रस्ते’ लिहिलं आणि बायकोला दाखवला. ती "छान" म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. तिचे खांदे हलत होते, मला वाटलं खोकला.

सोमवार. उजवीकडे.

गेटबाहेर पडल्या पडल्या बारक्या डावीकडे, मी उजवीकडे, मध्ये पट्टा ताठ. मी "चल बाळा, आज गंमत आहे" वगैरे लाडिक आवाजात म्हणून बघितलं. तो बसला. ३२ किलोचा कुत्रा बसतो ना, तेव्हा तो ५० किलोचा होतो, कसा ते विज्ञानालाच ठाऊक. ओढलं तर गळपट्टा कानापर्यंत वर आला आणि तोंडाची सगळी कातडी पुढे गोळा होऊन तो एखाद्या रुसलेल्या वकिलासारखा दिसायला लागला. येणारा जाणारा प्रत्येक जण थांबून सल्ला देत होता, पुढून ओढा, मागून ढकला, सोडून द्या आपोआप येईल. एका गृहस्थांनी तर "त्याला यायचं नसेल" असं निदान केलं. शेवटी खिशातला खाऊ टाकत टाकत त्याला पहिल्या वळणापर्यंत नेला, आणि तिथे एका भिंतीच्या पायथ्याशी तो जो थांबला तो नऊ मिनिटं.

नऊ मिनिटं मी काय करणार, फोन. त्यात कळलं की आपल्या नाकात वास पकडणाऱ्या पेशी साधारण ५०-६० लाख आणि यांच्याकडे ३० कोटींपर्यंत. शिवाय श्वास सोडताना हवा नाकपुडीच्या बाजूच्या फटीतून मागे जाते, म्हणजे समोरचा वास विस्कटत नाही आणि हुंगणं चालूच. पण खरी गंमत पुढे होती. इटलीतल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की कुत्रा नवीन वास आधी उजव्या नाकपुडीने घेतो आणि तोच वास ओळखीचा झाला की डावीवर येतो. जनावरांच्या डॉक्टरच्या घामाचा वास मात्र कितीही वेळा दिला तरी उजवीच, त्या वासाची काही सवय होत नाही म्हणे, आणि हे आमच्याकडे लसीच्या दिवशी बारक्याला गाडीत चढवलेल्या कुणालाही पटेल.

म्हणलं आयता पुरावा मिळतोय. रस्ता नवीन आहे, नाकपुडी उजवी दिसली की भाचीला मेसेज टाकायचा. मी गुडघ्यावर बसलो, मग कोपरावर टेकलो, मग गाल जवळजवळ जमिनीला लावून बघितलं. स्पष्ट दिसली. डावी. पुन्हा बघितलं. डावीच. म्हणलं आमचा कुत्रा डावखुरा असेल. तेवढ्यात मागून मघाचेच ‘त्याला यायचं नसेल’वाले गृहस्थ आले, भिंतीच्या पायथ्याशी शेजारी शेजारी दोन नाकं बघितली आणि यावेळी कसलंही निदान न करता पलीकडच्या फुटपाथवर गेले.

शेरा: अंतर १८० मीटर. गुडघा.

मंगळवारचा रस्ता पूर्व-पश्चिम होता, आणि ते मी लक्षात घ्यायला हवं होतं. २०१३ मध्ये झेक आणि जर्मन मंडळींनी ७० कुत्र्यांवर दोन वर्षं नजर ठेवून पाच हजारांवर ‘एक नंबर’ आणि जवळजवळ एकोणीसशे ‘दोन नंबर’ यांच्या दिशा नोंदवल्या आणि निष्कर्ष काढला की पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री दोन नंबरला उत्तर-दक्षिण बसणं पसंत करतात. पुढच्या वर्षी त्यांना इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं नोबेल. मला तर खरं नोबेल द्यावंसं वाटतं, दोन वर्षं हातात होकायंत्र घेऊन उभं राहायचं म्हणजे चेष्टा नाही, मी अकरा मिनिटं राहिलोय. बारक्या गोल फिरला, बसायला आला, उठला, उलटा फिरला, पुन्हा बसायला आला, मी फोनमधलं होकायंत्र घेऊन त्याच्याभोवती फिरतोय, पट्टा दोघांच्या पायाला गुंडाळला गेलाय, आणि समोरच्या खिडकीत एक लहान मुलगा आईला हाका मारतोय, "आई, ते काका बघ ना!" शेवटी काही झालंच नाही. आम्ही घरी आलो, बारक्याने स्वतःच डावीकडे ओढत नेऊन पहिल्या खांबापाशी सगळं उरकलं, दिशा बघायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.

बुधवारी मी तक्ता गुंडाळून सरळ जुन्या रस्त्याला लागलो. आणि तिथे पहिल्याच खांबाशी बारक्याने वेगळंच काहीतरी केलं, नेहमीच्या जागी हुंगलं, मग मान वर करून जवळजवळ छातीच्या उंचीवर हुंगलं आणि विचारात पडला. याचं कारण मला दुसऱ्या खांबाशी दिसलं, एक नवं कुत्रं, उंची एक वीत, पाय मात्र असा आभाळाला लावून वर केलेला की दुसऱ्या बाजूला पडेल. लहान कुत्री आपल्या मानाने पाय जास्त वर करतात हे अमेरिकेत २०१८ मध्ये मोजलेलं आहे, म्हणजे खांबावर खूण उंच पडते आणि वाचणाऱ्याला वाटतं लिहिणारा केवढा धिप्पाड आहे. आम्ही लोक बायोडेटात करतो तेच. तर चार वर्षं मी ज्याला ‘तोच खांब’ म्हणत होतो त्यावर रात्रीतून एवढी उलथापालथ झालेली होती आणि मी त्याला टेकून फोन बघत होतो.

झाडापाशी रोज एक वयस्कर गृहस्थ भेटतात, त्यांची कुत्री चौदा वर्षांची, दोन्ही डोळ्यांनी गेलेली. चार वर्षांत आम्ही फक्त मान हलवत आलोय. त्या दिवशी मी विचारलं, तुम्ही हिला कधी वेगळ्या रस्त्याने नेता का? म्हणाले, "पूर्वी न्यायचो की, दर रविवारी नवीन वाट. हिला तेव्हा भारी हौस होती. आता नाही नेत. आता कुठे वळायचं ते हिच्या पायांना माहीत आहे, बदललं की बिचारी जागच्या जागी उभी राहते." तेवढ्यात ती झाडापाशी आली, बुंध्याच्या बरोबर चार बोटं अलीकडे वळली आणि पुढे चालायला लागली. बारक्या, जो कुणालाही बघून धांगडधिंगा करतो, तो बाजूला सरकून उभा राहिला. मीही.

पण तक्त्यात गुरुवार होता, आणि भाची शुक्रवारी जाणार होती.

मंगळवारच्या अनुभवावरून फोन मुद्दाम घरी ठेवला. खिशात जादा खाऊ घेतला, उजवीकडे गेलो, मग तक्त्याप्रमाणे डावी गल्ली, मग तक्त्यात नसलेली एक गल्ली, मग एक कुंपण जे मला दोनदा भेटलं. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की आपण हरवलोय. आपल्याच घरापासून, फार तर एक किलोमीटरवर, रोज ऑफिसला जाणारा माणूस. कुणाला विचारावं तर काय विचारणार, "मी कुठे राहतो?"

तेव्हा आठवलं ते भाचीनेच पाठवलेलं एक शिकारी कुत्र्यांचं संशोधन, २०२० चं. २७ कुत्री, जंगलात सहाशेवर वेळा सोडून दिलेली. बरीचशी आली तशीच वासावर माग काढत परतली, पण काही जण साधारण वीस मीटर उत्तर-दक्षिण धावून जणू अंगातलं होकायंत्र लावून घ्यायची आणि मग चक्क नव्याच वाटेने मालकापाशी यायची. म्हणलं झालं, आपल्याकडे बत्तीस किलोचं होकायंत्र आहे. पट्टा सैल सोडला आणि म्हणलं, "बारक्या, घरी चल."

त्याने माझ्याकडे बघितलं, आणि निघाला. वीस मीटर वगैरे काही नाही, सरळ, झपाझप, कान मागे, वळणावर न थांबता, एकाही खांबाकडे न बघता. मला भरून आलं. चार वर्षं आपण याला डांबून ठेवला आणि आज हा आपल्याला सोडवतोय! चार गल्ल्या पार करून तो एका निळ्या गेटापाशी थांबला, खाली बसला आणि एकदाच भुंकला, बेल वाजवल्यासारखा.

ते आमचं गेट नव्हतं.

दार उघडून एक आजी बाहेर आल्या. "अगं बाई, बारक्या! आज सकाळीच?" बारक्या आत. पायरीजवळ पाण्याचं एक भांडं होतं, त्यावर रंगाने ‘बारक्या’ लिहिलेलं होतं, तो ते अर्धं करून पंख्याखाली आडवा पडला आणि घरी टाकतो तसाच्या तसा उसासा टाकला. पट्टा माझ्या हातात होताच, म्हणून मीही निम्मा आत. आजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तुम्ही कोण?"

काय सांगणार. म्हणलं, "मी बारक्याचा... सकाळचा माणूस."

"अच्छा!" आजींचा चेहरा उजळला. "म्हणजे रोज तोच रस्ता करणारे ते तुम्ही होय!"

मग सगळं बाहेर आलं. ही दोघं संध्याकाळी रोज वेगळीकडे जातात, उजवीकडच्या झाडून सगळ्या गल्ल्या त्याला पाठ आहेत, सोमवारची भिंत तर त्याची फार आवडती आहे. मला एकदम ती डावी नाकपुडी आठवली. कुत्रा डावखुरा नव्हता. त्याने सोमवारीच सांगितलं होतं, मी गाल जमिनीला लावून ते वाचलंही होतं.

"घर कुठेशी आलं हो इथून?" मी शक्य तेवढ्या सहजपणे विचारलं.

"हे काय, मागच्याच गल्लीत. बारक्या नेईल तुम्हाला."

चार मिनिटात घरी आलो. बायको दारातच होती, यावेळी खांदे लपवायच्याही भानगडीत पडली नाही. "मला वाटलं सोमवारीच कळेल तुला," म्हणाली.

"मग तो गेटपाशी बसला का पण? उजवीकडे यायलाच तयार नव्हता!"

"सकाळी तू असतोस ना. तुझ्याबरोबर डावीकडे असतं. तो माणूस बघून रस्ता धरतो."

भाची तेवढ्यात तक्ता उघडून बसली होती. तिने वरचं ‘नवीन रस्ते’ खोडून कंसात ‘मामासाठी’ असं घातलं आणि शुक्रवारच्या रकान्यात ‘डावीकडे’ लिहून टाकलं.