तारांकित प्रश्न

वयाच्या 43व्या वर्षी दातांना तारा लावून घेणाऱ्या बाईने सहानुभूतीची अपेक्षा ठेवू नये, हे मला मान्य आहे. लेकीच्या तारा निघाल्या त्याच महिन्यात माझ्या लागल्या. सासूबाईंच्या मते हे वय कवळीची चौकशी करायचं.

तर, रात्री पावणेदोनला डाव्या बाजूला कळ उठली. कळ कसली, कोणीतरी हिरडीत बोअर मारायला घेतली होती आणि तीनशे फुटांवरही पाणी लागत नव्हतं. उठून बसलं की जरा बरं, आडवं झालं की पुन्हा ठणका.

नवरा जागा झाला. "कुठला दात?" वरचा की खालचा, तेही कळेना. विधानसभेत तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर द्यावं लागतं. इथे तोंडच उघडत नव्हतं. "खाल्लंस काय?" या उपप्रश्नाला मी हातानेच 'वरणभात' अशी खूण केली. (वरणभाताची खूण कशी करतात, एकदा करून बघा.)

सासूबाई लवंगेच्या तेलाचा बोळा घेऊन आल्या. तो दाढेपर्यंत पोचण्याआधी ओठाला लागला, जिभेला लागला, नाकालाही लागला असावा. पुढची पंधरा मिनिटं दाढ ठणकत होती आणि ओठ आहे की नाही, ते कळत नव्हतं. लेकीने डबीतल्या मेणाची गोळी वळून तारेच्या टोकाला चिकटवली. "टोचत असेल गं." टोचत नव्हती. "मग परवा टाइट केली असेल." तेही नाही, तीन आठवडे होऊन गेले होते. आणि तार आवळली की सगळेच दात एकदम संपावर जातात, चार-पाच दिवसांत मुकाट कामावर येतात. हे आंदोलन एकट्याचं होतं. पण असं बोलून दाखवलं असतं तर चौकशी समिती बसली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सकाळी लेकीला घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई जेमतेम सत्ताविशीच्या. "काकू, कडक काही खाल्लं नाही ना?"

"छे!" तेवढं मात्र स्पष्ट उच्चारता आलं.

त्यांनी आकड्यासारखं काहीतरी दाढेमागे घातलं, हिरडीत फिरवलं आणि हळूच ओढलं. ठणका निम्म्याने उतरला. ट्रेमधल्या पांढऱ्या कापसावर त्यांनी ऐवज मांडला: नखाच्या तुकड्याएवढं पिवळसर साल, एका कडेला करपलेलं. भाजलेल्या कणसाचं.

लेक वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, रविवारी सिंहगडावर तू नुसतं मडक्यातलं दही खाल्लंस ना?"

मी तोंड मिटायला लागले.

"मिटू नका काकू," डॉक्टर म्हणाल्या, "अजून एक आहे."