चिनी वनौषधी आणि हृदय : 'थोतांड' म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

हृदयासाठीच्या चिनी वनौषधींवरच्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंत, 'हे सगळं थोतांड. घेतलं काय, न घेतलं काय, सारखंच. पण असलं वाचून लोक डॉक्टरांच्या गोळ्या सोडतात, तेव्हा लेख काढून टाका.' तुम्ही औषधाच्या दुकानात बसता, लोक काय काय उद्योग करतात ते रोज बघता. गोळ्या सोडण्याची तुमची भीती रास्तच आहे. 'घेतलं काय, न घेतलं काय' हे मात्र मला अजिबात पटत नाही. उलट तेच वाक्य जास्त घातक आहे.

डानशेनचंच घ्या. हे विटकरी लाल मूळ चीनमध्ये 'रक्त साकळलंय' असं निदान झालं की पिढ्यान् पिढ्या देत आलेत. आता त्याच्या बारीक तपकिरी गोळ्याही मिळतात : एका वेळी 10, गिळायच्या नाहीतर जिभेखाली धरायच्या. सोबत जिनसेंगच्या कुळातलं सानची नावाचं मूळ आणि बोर्निओल, म्हणजे आपल्या भीमसेनी कापरातला मुख्य घटक. यामुळे हार्ट अटॅक टळतो याचा पुरावा कच्चा आहे. अभ्यास ढीगभर, पण बरेचसे लहान आणि ढिसाळ. इथवर आपलं एकमत.

आता हेच मूळ वॉरफरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं औषध, चालू असलेल्या माणसाने घेतलं तर? 1990च्या दशकात हाँगकाँगच्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवून ठेवलेत. एकाचा हृदयाचा व्हॉल्व्ह बदललेला होता. अशा माणसाचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप; आकडा जितका मोठा, तितका रक्तस्रावाचा धोका जास्त) साधारण 2 ते 3च्या आसपास, फार तर थोडा वर ठेवतात. डानशेनवर त्याचा 8च्या पुढे गेला आणि छातीत रक्तस्राव झाला. ज्या मुळाने काहीच होत नाही, त्याने हे कसं केलं? थोतांड म्हणून सोडून दिलं की कुणी डॉक्टरला सांगतसुद्धा नाही, 'साधा काढाच तर आहे' म्हणून.

लाल यीस्टचा तांदूळ ही दुसरी गंमत. त्यातलं मोनॅकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच, अमेरिकेत 1987 साली मंजूर झालेलं, कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या 'स्टॅटिन' गटातलं औषध. स्टॅटिनने पाय दुखतात म्हणून गोळी सोडायची आणि 'नैसर्गिक' म्हणून तेच स्टॅटिन घ्यायचं, तेही किती पोटात जातंय याचा पत्ता नसताना!

राहिला चांगल्या चाचण्यांचा मुद्दा. तोंगशिनलुओ नावाची कॅप्सूल आहे. तिला वनौषधी म्हणताना जरा अडखळायला होतं, कारण जिनसेंग आणि चंदनासोबत जळू, विंचू आणि गोमही आहे. (आमच्या घरच्या माळकऱ्यांना हे सांगायची माझी हिंमत नाही.) तिची चाचणी चीनमधल्या 124 रुग्णालयांत, हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या 3,700हून जास्त रुग्णांवर झाली आणि 2023 साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निम्म्यांना खरी कॅप्सूल, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी खोटी. 30 दिवसांत हृदयविकाराने मृत्यू, पुन्हा अटॅक, पक्षाघात किंवा तातडीची अँजिओप्लास्टी-बायपास यांपैकी काही झालेले खऱ्या गटात 3.4 टक्के, खोट्या गटात 5.2 टक्के. हे निव्वळ मनाचे खेळ म्हणून झटकता येत नाही. त्यातल्या कोणत्या घटकाने काय केलं हे गुलदस्त्यात आहे आणि चीनबाहेर अशी मोठी चाचणी झाल्याशिवाय मी कुणाला ती सुचवणार नाही. पण तुमच्या भीतीवरचं उत्तर त्याच चाचणीत आहे. दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालूच होते, कॅप्सूल दिली ती त्यांच्या जोडीला. गोळ्या सोडून कॅप्सूल घेतली तर काय होतं, हे तिथे कुणी तपासलेलंच नाही. म्हणजे गोळ्या सोडणाऱ्याला तिचा आधार घेता येत नाही.

तेव्हा लेख काढणार नाही. तुम्हाला एक विनंती मात्र करतो. वॉरफरिनची चिठ्ठी घेऊन कुणी आलं की नुसतं 'आणखी काही औषध चालू आहे का?' विचारू नका. लोक सरळ नाही म्हणतात, कारण काढ्याला ते औषध धरतच नाहीत. काढा, चूर्ण, सिंगापूरहून मुलाने आणलेली बाटली, असं एकेक नाव घेऊन विचारा.