गाडी उरली तर रंग मारून विका म्हणे!

परवा रात्री मस्कतहून भाच्याचा फोन आला. तिथे एका डीलरकडे तो गाड्यांचा स्टॉक मागवायचं काम बघतो. पुढच्या तिमाहीच्या ऑर्डरमधले काळे, ग्रे, लाल सगळे मालकाने खोडले आणि खाली ‘फक्त पांढऱ्या’ असं लिहून कागद परत केला. कारण काय, तर ‘आखातात गाड्या विकणाऱ्यांसाठी सात सोनेरी नियम’ हा मेसेज, पांढऱ्याच गाड्या ठेवा सांगणारा. "मामा, तुम्ही गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपला होतात ना, खरंय का हे?" मेसेज माझ्याकडे आधीच तीन ग्रुपांवरून आला होता. मी न वाचताच उडवला होता.

आता वाचला. सातातले दोन नियम एकच आहेत, शब्द फिरवून लिहिलेले.

‘फोर्डने एकाच रंगावर जग जिंकलं.’ फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये आली तेव्हा ती लाल, हिरवी, करडीही मिळायची. फक्त काळी मिळायची ती 1914 ते 1925. मग गिऱ्हाईक इतर कंपन्यांच्या रंगीत गाड्यांकडे वळायला लागलं, तेव्हा 1926 साठी फोर्डने रंग परत आणले. पुढच्या वर्षी मॉडेलच बंद झालं.

‘लाल गाडीचा विमा महाग.’ निदान आपल्याकडे तरी नाही. हप्ता इंजिनाची सीसी, गाडीची किंमत, वय यांवर ठरतो.

‘मुस्लिम देशांत काळ्या गाडीवर कायद्याने बंदी.’ हे लिहिणारा दुबईच्या विमानतळाबाहेर दोन मिनिटं तरी उभा राहिलाय का? काळ्या लँड क्रूझर मोजताना बोटं संपतील. या अफवेचं मूळ तुर्कमेनिस्तानात असावं. तिथल्या तेव्हाच्या अध्यक्षांना पांढऱ्याचं वेड. 2015 च्या सुमारास काळ्या गाड्यांची आयात अडवली गेली आणि 2018 च्या सुरुवातीला राजधानी अश्गाबातमध्ये पोलिस गडद रंगाच्या गाड्या उचलू लागल्याच्या बातम्या आल्या. पण तो देश कॅस्पियनच्या काठावर, मध्य आशियात. एका माणसाची लहर, आणि ती चिकटवली अख्ख्या धर्माला!

‘काळी गाडी आतून वीस-पंचवीस अंश जास्त तापते.’ इथे थोडं मान्य करावं लागतं. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने एक काळी आणि एक चंदेरी होंडा सिव्हिक उन्हात शेजारी उभ्या करून मोजलं. 2011 मध्ये निकाल आला: छताच्या तापमानात फरक 25 अंशांपर्यंत, आतल्या हवेत मात्र 5 ते 6. मेसेजवाल्याने छताचा आकडा उचलून सीटवर ठेवला. आणि थंड राहिलेली ती गाडी चंदेरी होती, पांढरी नव्हे.

आखातात पांढरा सर्वात जास्त खपतो, हे खरंच. भाड्याने देणारे आणि कंपन्या बेस मॉडेल पांढरंच उचलतात. पण टॉप मॉडेलचं गिऱ्हाईक स्वतःसाठी घेणारं असतं, ते काळा किंवा मोती-पांढरा मागतं. या मोती-पांढऱ्याला एक थर जास्त लागतो आणि पैसेही जास्त पडतात, म्हणजे ‘पांढरा नेहमी स्वस्त’ हा नियमही गेला.

आणि शेवटचा नियम, ज्याने माझं डोकं फिरलं: ‘उरल्या तर गिऱ्हाइकाला हवा तो रंग मारून द्या.’

चाकणला 19 वर्षं पेंट शॉपमध्ये काढली म्हणून सांगतो. कारखान्यात रंग बसतो तो उघड्या सांगाड्यावर. वायर नाही, काच नाही, डॅशबोर्ड नाही. आधी अख्खी बॉडी टाकीत बुडवून प्रायमर, मग भट्टी, मग रंग आणि क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, पुन्हा 140 अंशांच्या आसपास भट्टी. पूर्ण जोडलेली गाडी त्या भट्टीत घाला, प्लास्टिक वितळून हातात येईल. म्हणून गॅरेजमध्ये 60-70 अंशांवर वाळणारा वेगळा रंग लागतो. दाराच्या आतल्या कडा, बॉनेटखालची बाजू, बूटचा कोपरा, तिथे जुना पांढरा दिसतोच. जाडी मोजायचं खिशातलं यंत्र लावलं की कारखान्याचे शंभर-सव्वाशे मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि वरचा थर असा आकडा दुपटीजवळ जातो. जाणता गिऱ्हाईक एकच अर्थ काढतो: अपघाताची गाडी. नवी कोरी गाडी स्वतःच्या हाताने सेकंडहँड करायची, वर रंगाऱ्याचं बिल भरायचं!

भाच्याला म्हटलं, मालकाशी वाद घालू नकोस. गेल्या वर्षीची वही काढ, प्रत्येक गाडीपुढे मॉडेल, रंग आणि यार्डात किती दिवस उभी राहिली ते लिही. ऑर्डर गुरुवारी बंद होते. आज सकाळी त्याने निम्म्या यादीचा फोटो पाठवला, खाली मालकाच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलंय: ‘ग्रे - 6?’